भाऊजींचा ओबो

हे मी आजवर कुणाशीच बोललेले नाही. नवऱ्याशीही नाही. आमच्या घरात कुणालाही विचारा — बारशाचं जेवण, सहलीची बस, दवाखान्याची वेळ, काहीही माझ्यावर सोपवलं की राहून जात नाही. मग हे एवढं कसं राहिलं? राहिलं नाही. मी ठेवलं.

आधी ओबोबद्दल सांगते. सनईच्या कुळातलं वाद्य. काळं, सडसडीत, तोंडाशी एकमेकींवर बांधलेल्या दोन पातळ पत्त्या. माझे धाकटे दीर ते वाजवतात — वाजवायचे. तरुणपणी मुंबईत सिनेमाच्या गाण्यांमागे, आणि हॉटेलांत जॅझवाल्यांबरोबर. पुढे कीबोर्ड आले, कामं आटली. भाऊजी नाशिकला परत आले, आमच्या खालच्या मजल्यावर.

गंगापूर रोडला आमचा जुनी गाणी म्हणणाऱ्यांचा ग्रुप आहे. वार्षिक कार्यक्रम मी बसवते. त्या वर्षी मीच त्यांना म्हटलं, "भाऊजी, माझ्या गाण्यात वाजवा ना."

"वाजवतो की. पण वहिनी, तुमच्या वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा ठेवा हं!"

तालमीत मी मुखडा गायले, थांबले, आणि दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत ओबो आला. काय सांगू तुम्हाला? पुढची ओळच मला आठवेना. चाल तीच, मी नुकतीच गायलेली — पण माझ्याकडून दारातून गेली ती खिडकीतून परत आली, दुसरंच काही होऊन. मग त्यांनी तिला जॅझची वळणं दिली. तालाच्या जरा मागे रेंगाळायचे, आता चुकणार असं वाटेपर्यंत, आणि अलगद समेवर. तबलेवाले काका तर हसायलाच लागले, आनंदाने. भाऊजी म्हणायचे, या वाद्यात श्वास कमी पडत नाही, उरतो. पत्त्यांमधली फट एवढीशी, की नवा घ्यायच्या आधी उरलेला सोडावा लागतो. श्वास उरवून कुणी असं गातं? मी तर प्रत्येक ओळीच्या शेवटी धापा टाकते.

त्या दिवशी माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. पुढे मी जे केलं त्याचं कारण एवढंच — याहून मोठं काही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी साउंडवाल्याकडे गेले. "माझ्या गाण्यात ओबो स्टेजवरच्या स्पीकरमध्ये राहू दे. बाहेर नको."

"हॉलमध्ये अजिबात नको, मॅडम?"

"अजिबात."

कळलं का मी काय केलं? वाजवताना त्यांना स्वतःचा सूर ऐकू येत होता. कीबोर्ड आणि ढोलकीच्या आवाजात हॉलमध्ये तो पोचतच नव्हता. आणि मला? मला सगळं ऐकू येत होतं. तालमीतही इतकं सुंदर त्यांनी वाजवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला — हो, गाताना, हॉलमधला त्यांचा आवाज बंद करवून.

घरी माझ्या जावेनं, सुनंदानं, मोबाइलवर काढलेलं गाणं लावलं. भाऊजी ओठ आवळून फुंकताना दिसत होते. ओबो नव्हताच.

"अहो, तुमचं काही ऐकूच येत नाहीये."

"मला तर येत होतं." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, माइक चालू होता ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. साउंडवाल्यावर ढकलता आलं असतं, तेही चाललं असतं. मी म्हटलं, "होता ना. मी स्वतः तपासला."

मी तपासलं म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुन्हा विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आता वाजतंय असं मला नुसतं वाटतं."

त्यानंतर त्यांनी ओबो हातात घेतलेला नाही. सुनंदा मागे लागली की म्हणतात, "ओठ गेले गं आता." गेले नव्हते. मी शेजारी उभी राहून ऐकलं होतं.

तालमीला ते अजून येतात. खुर्च्या मांडतात, चहा सांगतात, कुणाचा सूर उतरला तर थट्टा करतात. माझं गाणं संपलं की पहिली टाळी त्यांची असते. मी मान लववून ती घेते.