शिमग्याची रजा

वसंता गेला ते मला मशीनपाशीच कळलं. चाकणच्या आमच्या कंपनीत शिफ्ट संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, आणि माझा रिलीव्हर वसंता. त्या सकाळी तो आला नाही. मी उभ्या उभ्या त्याला शिव्या घालत होतो... मग सुपरवायझर आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "संपत, वसंता येणार नाही रे आता. बसस्टॉपवरच गेला." उरलेल्या शिव्या तोंडात तशाच राहिल्या.

मी लातूरकडचा. पाणी बघितलं ते टँकरचं. वसंता मालवणकडचा, संत तुकाराम नगरात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. लहानपणी होडीजवळ वर आलेल्या देवमाशाची गोष्ट तो अशी रंगवून सांगायचा की मलाही वेड लागलं. "भावा, गणपतीत चल. तेव्हाच दिसतात," म्हणायचा. गणपतीत कंपनी बंद, दोघंही मोकळे. कितीतरी वर्षं गेलो. कातळावर छत्री धरून, पिंपरीच्या बाजारातून मी घेतलेली दुर्बीण पुसत, खवळलेल्या समुद्राकडे बघत बसायचो. लाटांशिवाय काही दिसायचं नाही. "तुझ्या पायगुणानं पळाले," असं तो चिडवायचा आणि मीही हसायचो. दुर्बीण त्याच्याकडेच असायची, कोकणातच लागते म्हणून.

शिमग्याला मात्र तो एकटा गावी जाई. आम्हा दोघांना एकदम रजा मिळत नसे. तो गेला की त्याचेही तास मीच ओढायचो, पाय सुजेपर्यंत. येताना माझ्यासाठी खाजा आणायचा. देवमाशाचं विचारलं की म्हणायचा, "या दिवसांत दर्या रिकामाच असतो रे."

बाराव्याला त्याच्या गावी गेलो. जेवणं उरकल्यावर ओसरीवर त्याच्या धाकट्या भावाशी, दिगूशी, बोलत बसलो होतो. सहज म्हणालो, देवमासा बघायचा राहूनच गेला, आता गणपतीत येईन. होडीवर आयुष्य काढलेला तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "गणपतीत? माका वाटला, तुमी लाटा बघूक बसतास! तेव्हा होडी तरी खय जाता? शिमगो झालो, वारो पडलो, दर्या ताटासारखो झालो की दिसतंत ते. दादा दरवर्सा बघूक येय मा!" आणि त्याने मोबाइल पुढे केला... गेल्या शिमग्यानंतरचा व्हिडिओ. सपाट पाण्यातून एक काळी पाठ सावकाश वर येते, फवारा उडतो. वसंता आनंदाने ओरडतोय. गळ्यात माझी दुर्बीण. आणि शेवटी हसत म्हणतोय, "ह्यो संपताक पाठवू नको हां. शिमग्याक रजा टाकीत तो."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तुझी रजा हिसकावून घेतली असती असं वाटलं तरी कसं तुला, वसंता? एका वर्षी, फक्त एका वर्षी मला जाऊ द्यायचं होतंस... मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, म्हणून हे लिहितोय.

वसंताच्या बायकोने, वहिनींनी, दुर्बीण परत दिली. तिचा पट्टा खाऱ्या पाण्याने कडक झालाय. ती दाराजवळच्या खुंटीला अडकवलीय. येताजाता दिसते आणि पुन्हा राग येतो.

परवा मी शिमग्यानंतरची रजा मागितली. सुपरवायझरांनी मान वर न करता नेहमीचंच विचारलं, "रिलीव्हर कोण?"

"वसंता," मी म्हणालो.