पहिल्या बॅचची मान्यता

पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात लॅब टेक्निशियनचा नवा पदवी कोर्स निघाला होता. विद्यापीठाची परवानगी होती, लॅब टेक्निशियनची नोंदणी करणाऱ्या परिषदेची मान्यता तेवढी यायची होती. "येईल हो," असं सगळेच म्हणत. दुसऱ्या वर्षी कळलं, की मान्यता नाही तर नोंदणी नाही आणि नोंदणी नाही तर दवाखान्यात नोकरी नाही. मग एकेक जण नर्सिंगला, बी.ए.ला निघून गेला. सगळ्यात शेवटी माझी मैत्रीण गेली.

"तू काऊन थांबून राह्यली व?" तिनं विचारलं.

मला मायक्रोस्कोपमधून बघायला आवडायचं, एवढंच कारण होतं. ते सांगायची लाज वाटली.

तिसरं वर्ष मी एकटीनं काढलं. सर रोज हजेरी घेत, एकच नाव. समोर रिकामे बाक असले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. डबा मी जिन्यावर बसून खायची.

त्याच वर्षी तपासणी समिती आली. रजिस्टर, पुस्तकं, शिक्षकांची नेमणूकपत्रं पाहून झाल्यावर समितीतल्या बाईंनी विचारलं, "बाकीचे विद्यार्थी?"

"मी एकटीच आहो, मॅडम."

"बरं, रक्ताची स्लाइड करून दाखव."

रक्त द्यायला कोणी नव्हतं. मी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली.

मान्यता आली, पण पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांपासून. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. माझी पदवी खरी होती, तरी खामगावच्या एका दवाखान्यात बाबूनं नोंदणी क्रमांक विचारला आणि फाइल परत सरकवली.

दीड वर्ष मी कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवल्या. सर आणि मी अर्ज करत राहिलो: अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच, समितीनं पारखलेली मुलगीही मीच. अखेर उत्तर आलं, की पहिल्या बॅचला एक परीक्षा देऊन नोंदणी मिळेल. ती बॅच म्हणजे मी. परीक्षा दिली, पास झाले. आता मी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे.

नोंदणी क्रमांक हातात आला त्या दिवशी मी मैत्रिणीला फोन केला. ती मनापासून हसली.

"म्या सोडाले नाई पाह्यजे होतं," ती म्हणाली.

"तुह्यं बी बरंच चाललंय की."

"हाव," ती म्हणाली. मग तिनं मला तो क्रमांक वाचून दाखवायला सांगितलं.