राजानं खाली घेतलेला हात

दादा घरातून गेला त्या वर्षी मी गोष्ट लिहायला घेतली, आणि ती त्यानं वाचावी म्हणूनच घेतली. साहित्यसेवा वगैरे माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं. मला माझा भाऊ परत हवा होता. ज्याचा पत्ताच माहीत नाही त्याला पत्र कसं टाकणार? म्हणून राक्षस, जादूगारीण आणि एक तलवारबाज अशी क्रमशः कादंबरी मुंबईच्या एका मासिकाला पाठवायचं ठरवलं आणि लेखक म्हणून दादाचं नाव घातलं. कुठल्यातरी एसटी स्टँडवर अंक चाळताना त्याला स्वतःचं नाव दिसेल, तो दचकेल, आणि दोन ओळी वाचल्या की त्याला कळेल हे उद्योग कुणाचे.

कळलंच असतं, कारण गोष्ट आमची दोघांची होती. बाबा पनवेलात बैलगाडीची चाकं करायचे. दादा त्यांच्या हाताखाली चाकाचे आरे, म्हणजे मधले दांडे, तासायचा आणि मी समोर भुशात बसून त्याला गोष्ट सांगायचे. जादूगारणीचे मंत्र माझे, लढाया त्याच्या. लढाई आली की मी गप्प बसायचे आणि तो हातातलं काम ठेवून वार करून दाखवायचा. बाबा म्हणायचे, "एका आऱ्याला तीन राक्षस मेले आज."

तो तालमीत दांडपट्टा खेळायचा. पट्ट्याच्या मुठीत हात पार कोपरापर्यंत जातो आणि पुढं लांब, लवलवतं पातं असतं. माझ्या तळहातावर लिंबू ठेवून त्यानं दोनदा कापलं होतं. दोन्ही वेळा मी डोळे मिटले, म्हणून बोलणी मात्र मलाच खावी लागली. तालमीचा नियम कडक होता. ज्याच्या पात्यानं समोरच्याचं रक्त निघेल त्यानं मारुतीला नारळ फोडायचा आणि महिनाभर पट्ट्याला हात लावायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे उत्तम खेळाडू म्हणजे ज्याचा वार कधी कुणाला लागला नाही तो. दादा सगळ्यांत उत्तम होता.

मग रस्त्यावर ट्रक वाढले. एक दिवस दादा म्हणाला, "चाकं आता फार दिवस खपायची नाहीत. मी ट्रक शिकतो." बाबांनी त्याला मारलं आणि तो गेला. पळस्प्यापर्यंत चालत जाताना लोकांनी पाहिला होता. तिथून एक रस्ता पुण्याकडं जातो, एक गोव्याकडं. तो कुठल्या रस्त्याला लागला ते कुणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव घेतलं नाही, आणि मी ते नाव सुवाच्य अक्षरात लिहून मासिकाकडे पाठवलं.

संपादकांचं पत्र आलं. "आपल्या कथेत तलवारी फार सुरेख फिरतात. लढण्याआधी राक्षस नमस्कारही करतो. पण चार प्रकरणं झाली, कुणाला लागत कसं नाही? लढाया सुधारल्यात तर छापू."

मला राग आला. ज्यानं दांडपट्टा पाहिला नाही तो मला लढाई शिकवणार! मग हट्टानं मी रक्ताचे पाट वाहवले, मुंडकी उडवली. तीही साभार परत. "आता खाटकाचं दुकान झालं," एवढंच लिहिलं होतं. गोष्ट छापली नाही तर ती दादापर्यंत पोचणार कशी या विचारानं मी रडकुंडीला आले आणि शेवटी दादाच्या तालमीच्या वस्तादांकडे गेले.

वस्ताद जवळच्या गावातले म्हातारे आगरी. सकाळी मिठागरावर आणि संध्याकाळी तालमीत. मी मिठागरावर गाठून विचारलं, "वस्ताद, खऱ्या लढाईत कसे वार करतात?"

"मना काय म्हाईत?" ते म्हणाले. "आमी खेलतो, पोरी. मारत नाय."

"पण खरी मारामारी पाहिली असेल ना कधी?"

ते फावड्यानं मिठाचा ढीग सारखा करू लागले. "यकदा. दोन सख्खे भाव व्हते. येवढी वरसं मी पोरांना पाय कसा टाकाचा त्या शिकवतो, पन त्यांचे पाय काय मना आठवत नाय. हात पन नाय. दोगंय रडत व्हते, त्येवढा आठवते."

घरी आले ती सरळ माडीवर गेले. खरी मारामारी मीही एकदा पाहिली होती आणि ती लिहायचं सोडून राक्षसांना नाचवत बसले होते. बाबांनी हात उगारला होता. दादानं तो मनगटाला धरला. त्याला तो हात पिरगाळता आला असता. तशी पकड मला त्यानंच दाखवली होती. दोघं तसेच उभे राहिले. मग दादानं मनगट सोडलं. हात मोकळा झाला आणि बाबांनी मारलं. दादा चुकवू शकला असता. चुकवलं नाही.

मी लिहिलं. बाबांच्या जागी म्हातारा राजा घातला, दादाच्या जागी तलवारबाज, दोघांमध्ये उगारलेली एक तलवार. एकाच जागी लेखणी अडली. मी बाबांच्या घरात राहत होते, त्यांचं अन्न खात होते, आणि त्यांचे केस त्या वर्षात भराभर पिकलेले पाहत होते. म्हणून लिहिलं, राजानं आपण होऊन हात खाली घेतला.

संपादकांनी प्रकरण ताबडतोब घेतलं. "लढाई जमली," असं लिहून पाठवलं. अंक घरी आला तो मी मुद्दाम इकडे तिकडे पडू दिला. बाबांनी कधी गोष्टी वाचल्या नव्हत्या, पण मुलाचं नाव छापलेलं दिसल्यावर चष्मा लावला. चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यावर बसून, ओठ हलवत, दुपारभर वाचत होते.

जेवताना म्हणाले, "राजानं हात खाली घेतला असं लिहिलंयस."

"हो."

"मी नाही घेतला." त्यांनी भात कालवला, पण घास उचलला नाही. "त्यानं मनगट धरलं तेव्हाच मला कळलं, हा मनात आणेल तर माझा हात मोडेल. त्यानं सोडलं. त्यानं सोडल्यावर मी मारलं." मग म्हणाले, "पुढच्या अंकात दुरुस्त कर. तो वाचेल तेव्हा त्याला वाटायला नको, की म्हाताऱ्यानं खोटं लिहवून घेतलं."

म्हणजे तो वाचत असेल, ही आशा माझ्या एकटीची नव्हती. पुढच्या प्रकरणात राजानं भर दरबारात सगळं कबूल केलं. संपादकांना ते कंटाळवाणं वाटलं, पण मी एक ओळ कापू दिली नाही. त्यानंतर दर महिन्याला बाबा विचारायचे, "अंक आला का?" पत्र आलं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्या लढाया आता लोकांना आवडायच्या, मासिकाकडे वाचकांची पत्रं यायची, संपादक ती माझ्याकडे पाठवून द्यायचे. कोकणातून, देशावरून, कुठून कुठून. प्रत्येक पत्राचं अक्षर मी आधी बघायचे आणि मजकूर नंतर वाचायचे.

चार वर्षं ती मालिका मी या ना त्या राक्षसाच्या जिवावर ओढली. शेवटी संपादकांनी कळवलं, आता आटपा. शेवटच्या प्रकरणात मी लढाई ठेवलीच नाही. तलवारबाज घरी येतो आणि राजा स्वतः दार उघडतो, इतकंच लिहिलं. छापायला पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मी म्हटलं, "असं काही झालेलं नाही. बदलू का?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "एवढं खोटं असलं तरी चालेल."