तेरा बत्तीसची नोंद

ऑप्स रूमला माझी बदली झाली तेव्हा सर्व्हिसची चौदा वर्षं झाली होती आणि उजवा गुडघा कामातून गेला होता. रायफल कंपनीतून मला बटालियन हेडक्वार्टरला आणलं. रँक हवालदार. काम एकच, रोजचा लॉग लिहायचा. सुट्टीत अंबाजोगाईला आलो की लोक विचारायचे, "म्हंजी कारकुनीच की?" मी हो म्हणायचो.

ऑप्स रूम म्हणजे डोंगरात खोदलेली एक खोली. भिंतीवर नकाशा, टेबलावर तीन फोन, दोन रेडिओ सेट, कोपऱ्यात ऊब देणारी रॉकेलची बुखारी. बाहेर वर्षातले सात महिने बर्फ. आमच्या सगळ्या चौक्या आणि गस्तीवर गेलेली सगळी पेट्रोल्स या खोलीशी बोलायची. जे कानावर येईल ते मी रजिस्टरमध्ये उतरवायचो. चार रकाने होते: वेळ, कुणाकडून, काय, आणि काय कारवाई केली. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची, मनगटावरच्या नाही. खोडाखोड बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही. सकाळी सहाला चौक्यांचा रिपोर्ट यायचा. दिवसातून तीनदा ब्रिगेडला हवामान जायचं. बहुतेक दिवशी पान भरून 'सब ठीक' एवढंच असायचं. तेच चांगलं असतं, हे मला नंतर कळलं.

लान्स नायक विष्णू सानप हा पेट्रोलबरोबर जाणारा रेडिओ ऑपरेटर. आष्टी तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि हा निम्मं वर्ष शाळेत, निम्मं वर्ष फडावर, असा शिकलेला. पहिल्यांदा सेटवर माझा आवाज ऐकला आणि रिपोर्ट संपल्यावर म्हणाला, "उस्ताद, तुमी बीडचे का?"

"पर्सनल बोलणं बंद. ओवर," मी म्हणालो.

संध्याकाळी लंगरमध्ये तो माझ्या शेजारी ताट घेऊन बसला. "तुमी सेटवर कुणाला तरी 'हाय' म्हनला, 'आहे' न्हाई. तवाच वळखलं." त्यानंतर आम्ही रोज एकत्र जेवायचो. बोलायचा कमी. बायको बाळंत होऊन पाच महिने झाले होते. मुलगी झाली होती. ती त्यानं अजून पाहिली नव्हती.

चार दिवस बर्फ पडून गेल्यावर पाचव्या दिवशी कडक ऊन पडलं. सानपचं आठ जणांचं पेट्रोल सकाळी सातला निघालं. दोन चौक्यांमधली वाट तपासून दुपारच्या आत परत यायचं होतं, कारण परतीच्या वाटेत एक नाला लागतो. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि ऊन चढलं की वरचा बर्फ सैल होतो. पण एका जवानाचा पाय मुरगळला आणि त्यांना दीड तास उशीर झाला. हे सगळं लॉगमध्ये आहे.

१३३० ला सानपचा आवाज आला. "नाल्याच्या तोंडाशी पोचलो. एका वेळी एक जण क्रॉस करणार. ओवर."

"रॉजर. ओवर."

१३३२ ला वरच्या चौकीचा फोन आला. नाल्याच्या वरच्या कड्यावर बर्फाला भेग दिसते आहे. मी वेळ लिहिली, चौकीचं नाव लिहिलं, भेग लिहिली. चौथा रकाना मोकळा ठेवला. ड्यूटी ऑफिसर, एक कॅप्टन साहेब, आतल्या खोलीत सीओ साहेबांशी फोनवर होते. उठून सात पावलं जायचं आणि सांगायचं, एवढंच काम.

तेवढ्यात ब्रिगेडचा फोन वाजला. १३३५ चं हवामान. आदल्या दिवशी मला दोन मिनिटं उशीर झाला होता आणि त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं होतं. मी तापमान, वारा, बर्फाची उंची वाचली. पलीकडच्यानं आकडे पुन्हा विचारले. मी पुन्हा वाचले. मग तिसरा फोन वाजला, रेशनच्या गाडीबद्दल. तोही घेतला. त्या आठवड्यात भेगेचा रिपोर्ट रोज येत होता आणि रोज काहीच होत नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगतो.

फोन ठेवला, रजिस्टरकडे पाहिलं आणि मोकळा रकाना दिसला. मी उठलो. घड्याळात १३४१ झाले होते.

कॅप्टन साहेब धावत आले. हँडसेट त्यांनी स्वतः घेतला. १३४२. "नाला तात्काळ सोडा. वर भेग आहे. ओवर."

सानप म्हणाला, "रॉजर. मधोमध आहे. परत फिरतो. आउट."

१३४४ पासून सेटवर फक्त खरखर. साहेबांनी अकरा वेळा हाक दिली. मी अकराही लिहिल्या.

चौघं पलीकडे पोचले होते. तिघं अजून अलीकडे होते. नाल्यात एकटा सानप होता. सातही जण खाली उतरले आणि हातांनी, फावड्यांनी खणायला लागले. बचाव पथक १४२० ला पोचलं. १५१० ला तो सापडला. १५३५ ला डॉक्टर साहेबांनी सांगितलं. तेही मी लिहिलं.

तेरा बत्तीसच्या ओळीतला चौथा रकाना अजून भरायचा होता. माझ्याबरोबर ड्यूटीला एक नायक होता, साताऱ्याकडचा. हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, 'ऑफिसरला कळवलं, १३३३' असं लिहा. साहेबांनी घड्याळ बघितलेलं नाही. तुमची दोन पोरं आहेत."

तो वाईट माणूस नव्हता. पेन माझ्या हातात होतं. पाठमोरे साहेब नकाशासमोर उभे होते. मी लिहिलं, 'ऑफिसरला कळवलं, १३४१.'

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "नऊ मिनिटं का?"

"आधी हवामान दिलं, सर."

"का?"

"उशीर झाला असता, सर."

पुढे कुणी काही विचारलं नाही. निकालात निसर्गाचा प्रकोप असं आलं. मला ताकीद मिळाली आणि स्टोअरला पाठवलं. दोन वर्षांनी मी पेन्शनवर आलो. निकाल मी वाचला होता. १३३३ ला निरोप गेला असता तर नाल्यात फक्त पहिला माणूस, तोही काठापासून चार पावलांवर. हा हिशोब कुणी कागदावर मांडला नव्हता. मी मांडला होता.

पेन्शनवर आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सानपच्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "समदे तोडीला गेलेत. पाडव्याच्या सुमाराला येतील." पाडवा झाल्यावर पुन्हा गेलो. वडील ओट्यावर बसून कोयत्याची मूठ बसवत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी घोंगडी टाकली. सून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"साहेब लोक आलते," वडील म्हणाले. "बर्फात गेला म्हनले. किती वाजता ते कुणी सांगितलं न्हाई."

"पावणेदोनला."

वडिलांनी कोयता बाजूला ठेवला. "म्हंजी जेवायच्या टायमाला. आमी फडात भाकरी खात होतो."

मग मी सगळं सांगितलं. भेग, फोन, हवामान, नऊ मिनिटं. सरळ सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. दुसऱ्या कुठल्या रीतीनं मला ते सांगता आलं नसतं.

सूनबाईंनी विचारलं, "शेवटी काय म्हनले?"

"परत फिरतो, म्हणाला."

"फिरतो म्हनले?"

"हो."

ती आत गेली. मग आतूनच म्हणाली, "बाबा, त्यान्ला म्हनावं, आता पुन्यांदा येऊ नका."

मी उठलो. वडील फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. जीप येईपर्यंत दोघंही उभे होतो. त्यांनी विचारलं, "तुमी हे कावून सांगितलं? न सांगता चाललं असतं."

"तुम्हाला माहीत नसतं तर मला तुमच्या घरचं पाणी पिता आलं नसतं."

"मग पिलात का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. जीप आली तेव्हा एवढंच म्हणाले, "लहानपनी त्याला बैलगाडीत निजवून आमी ऊस तोडायचो. जागा झाला की रडायचा न्हाई. गाडीतूनच हाका मारायचा, 'मी हितं हाय, मी हितं हाय.' समद्या फडाला ऐकू जायचं."

मी पुन्हा त्या गावी गेलो नाही. त्याची मुलगी आता शाळेत जाते, असं तिकडच्या एका माजी सैनिकाकडून कळलं. ती कधी विचारायला आली तर तिला सांगायचं आहे की बर्फातून बाहेर काढला तेव्हा त्याचं तोंड मागे थांबलेल्या तिघांच्या बाजूला होतं. अलीकडचा काठ सोळा पावलांवर होता. लान्स नायक विष्णू सानप दिलेला हुकूम पाळून परत येत होता.