गरुडाच्या पायाखाली फर्स्ट क्वालिटी

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. बरं, हसा. तोंडातला चहा समोरच्यावर उडवू नका, एवढंच. कारण असा गाढवपणा माणूस एकदाच करतो, आणि मी तो चारचौघांत केलाय.

आधी माझ्याबद्दल सांगते. माझी वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला गेली. टॉवेलवर नुसता हात फिरवून सांगते, हा फर्स्ट क्वालिटी, हा सेकंड. टॉवेलवर ते बारीक वळसे असतात ना, पाणी टिपणारे, त्यांना लूप म्हणतात. लूप नखानं ओढून बघायचा. निघाला तर टॉवेल बाद. माझ्या हाताखालून गेलेल्या टॉवेलचा लूप निघत नाही म्हणजे नाही! ही माझी शेखी, आणि माशी नेमकी इथंच शिंकली.

तसा आम्हा सोलापूरकरांचा टॉवेलवर विश्वास जरा जास्तच. लग्नात टॉवेल, बारशाला टॉवेल, साहेब रिटायर झाले की नारळ आणि टॉवेल. आमचे हे म्हणतात, "उद्या घराला आग लागली तर सुनंदा आधी टॉवेल आणेल." आता ओला करून टाकला तर विझते की नाही? सांगा बघू.

तर आमच्या जुळे सोलापूर भागात, आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर रेश्मा राहते. माझी कॉलेजची मैत्रीण, जनावरांची डॉक्टर. शहराबाहेर जखमी पक्ष्यांचं एक छोटं केंद्र आहे, तिथं दवाखाना सांभाळून जाते. एका संध्याकाळी चहाला आली ती तोंड पाडूनच.

"काय झालं गं?"

"गरुडाचे पाय बिघडायला लागलेत."

हा गरुड आणला होता बिरूमामांनी. बिरूमामा म्हणजे मंगळवेढ्याकडचे धनगर, मेंढरं राखतात. विजेच्या तारेला धडकून पंख मोडलेला हा पक्षी त्यांना माळावर सापडला. मामांनी त्याला घोंगड्यात गुंडाळलं आणि सरळ एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "घोंगड्यात काय हाय?"

"कोंबडं."

"एवढं मोठं?"

"खातंय लई!"

असा तो सोलापूरला पोचला. पंख तर बरा झाला. पण पिंजऱ्यात बसायला होती एक गुळगुळीत, बारीक लोखंडी नळी. दिवसभर तिच्यावर उभं राहून त्याच्या तळव्यांना लाल चट्टे पडले होते.

"बसायची दांडी नीट पाहिजे," रेश्मा सांगत होती. "बारीक असली तर नखं वळून स्वतःच्याच तळव्यात रुततात. गुळगुळीत असली तर सगळा भार एकाच जागी येतो. चट्ट्याचं गळू झालं की संपलं. पायच गेले तर शिकार कशानं करणार? जन्मभर पिंजऱ्यात! रविवारी वनखात्याचे साहेब बघायला येणार आहेत, सोडायचा की नाही ते ठरवायला. आणि बिरूमामा रोज फोन करतात, पाय कसा हाय म्हणून."

"मग करायचं काय?"

"जाड लाकूड आणायचं, सालीसकट. त्यावर काथ्याची दोरी गुंडाळायची, घट्ट."

काथ्या! माझ्या अंगावर काटाच आला. तळवे सोललेल्या पक्ष्याला काथ्या? आपल्या पायाला लागलं तर आपण काथ्या बांधतो का?

"तू जा, तुझी जनावरं बघ," मी म्हटलं. "दांडीचं माझ्याकडे लागलं."

"सुनंदा, काथ्याची दोरी हं."

"हो गं बाई, हो."

आता हो म्हणणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. हे लग्न झालेल्या माणसांना समजवायला नको.

दुसऱ्या दिवशी मी नवी पेठेत. म्हटलं, पडद्याचा जाड रॉड मिळतो का बघू. दुकानदारानं टेप काढली.

"खिडकी केवढी आहे, ताई?"

"खिडकी नाही. गरुड आहे."

"पडद्यावर?"

"रॉडवर. बसणार आहे तो. वजन पेलेल ना?"

त्यानं टेप हळूच परत गुंडाळली आणि आतल्या माणसाला मोठ्यानं विचारलं, "आपण जेवायला कधी बंद करतो रे?" सकाळचे अकरा वाजले होते.

शेवटी लाकडाच्या वखारीत बाभळीचा एक छान सोट मिळाला, माझ्या दंडाएवढा जाड. वखारवाला म्हणाला, "साल राहू द्या, पक्ष्याला धरायला बरी पडती." मी त्याला साल तासायला लावली. कशाला ते खडबडीत ध्यान? आणि घरी येऊन कपाटातून काढले दोन टॉवेल. फर्स्ट क्वालिटी. एक्स्पोर्टचे. लूप असे दाट की बोट बुडावं! पिस्ता रंगाचे. मरून रंगाचे काढले होते आधी, पण म्हटलं, तपकिरी पक्ष्याला पिस्ता खुलून दिसेल.

दोन्ही टॉवेल सोटावर ताणून बसवले आणि दाभणानं असे शिवले की सुरकुती शोधून सापडू नये. फोटो काढला, बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता गरुडसुद्धा सोलापुरी वापरणार.' टाळ्यांचा पाऊस पडला. एकीनं तर विचारलं, आमच्या पोपटाला करून द्याल का?

रेश्मा त्या ग्रुपवर नाही. असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

रविवार उजाडला. साहेब अकराला येणार होते. रेश्मा वाटेत एका गाईच्या बाळंतपणात अडकली. फोनवर म्हणाली, "दांडी तेवढी लावून ठेव, मी पोचतेच." केंद्रावर मी आणि बिरूमामा दोघंच. मामा पहाटेच्या एसटीनं आले होते, खांद्यावर तेच घोंगडं. पाखरू आज सुटतंय या आशेवर.

पिंजऱ्याला दोन खोल्या होत्या. गरुड एकीत असताना दुसरीत दांडी बसवायची आणि मग मधला दरवाजा उघडायचा. मामांनी माझी दांडी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली.

"ताई, टॉवेल कशाला? अंगूळ करनार हाय का त्यो?"

"पाय मऊ राहतात, मामा."

"त्यो जल्मापासनं बाभळीवर बसतुया की."

"अहो, आपण जन्मापासून जमिनीवर झोपलो, म्हणून गादी वाईट का?"

मामा गप्प बसले. मला वाटलं, पटलं. आता कळतं, शहाणी माणसं तेव्हाच गप्प बसतात.

दरवाजा उघडला. गरुड उड्या मारत आला. मान वाकडी करून त्यानं दांडीकडे पाहिलं आणि एका झेपेत वर! काय सांगू तुम्हाला ते रूप! ती पिवळीधमक बोटं पिस्ता रंगावर अशी रुबाबात टेकली की माझा ऊर भरून आला. वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकानं माझ्या टॉवेलवर इतका भरवसा टाकला नव्हता. मी फोटोंमागून फोटो काढत सुटले.

मग त्यानं एक पाय उचलला. म्हणजे, उचलायला गेला.

पाय येईना. नखं लूपमध्ये अडकली होती. त्यानं ओढलं, लूप निघाला नाही. जोरात ओढलं, तरी नाही. निघेलच कसा? मीच पास केला होता ना!

दुसऱ्या पायानं सोडवायला गेला, तर तोही अडकला. मग जी फडफड सुरू झाली म्हणता! तोल गेला आणि तो राजबिंडा पक्षी दांडीखाली उलटा लोंबायला लागला. कर्कश ओरडतोय, पंख आपटतोय. तोच पंख, नुकताच बरा झालेला! एक फटका जाळीवर बसला असता तर पुन्हा मोडला असता, कायमचा.

आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज.

"ताई, उभ्या काय ऱ्हायलात!" मामा आत घुसले. त्यांनी घोंगडं पसरून गरुडावर टाकलं आणि त्याला पंखांसकट कवेत घेतलं. अंधार झाल्याबरोबर तो शांत झाला. "धागं कापाया काय हाय का तुमच्याकडं? कापा बिगीबिगी!"

होती. आम्हा चेकिंगवाल्यांच्या पर्समध्ये धागे कापायची छोटी कातर असतेच. मी गुडघे टेकले आणि एकेक लूप कापायला लागले. नखं तर बघवत नव्हती, माझ्या करंगळीएवढी! आयुष्यभर जे लूप तुटू नयेत म्हणून कारखान्यातल्या मुलींना ओरडले, ते मी देवाचा धावा करत कापत होते. एक तरी निघ रे! एक तरी सेकंड क्वालिटी असू दे! एकही नव्हता.

शेवटचा लूप कापला आणि मान वर केली. जाळीबाहेर रेश्मा आणि वनखात्याचे साहेब. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"हे पिस्ता काय आहे?" साहेबांनी विचारलं.

रेश्मानं डोळे मिटले. "मी काथ्या म्हणाले होते, सर."

मग तिनं पंख तपासला, पाय तपासले. सगळं शाबूत होतं, पण तळव्याचा एक चट्टा उघडला होता. साहेब म्हणाले, "आज नाही सोडता येणार. पाय बरा झाला की बघू."

मामांनी घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं. एवढ्या लांबून आलेला माणूस! त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. खरंच सांगते, घरी जाऊन मी रडले.

पुढं मामांनीच सालीसकट बाभळीचा सोट तोडून आणला. रेश्मानं काथ्या आणला. गुंडाळायचं काम मी केलं, आणि या वेळी प्रत्येक वेढ्याला विचारून केलं. गरुडाचे पाय बरे झाले. महिनाभरानं आम्ही त्याला मामांच्या माळावर सोडला. घिरट्या घेत तो ठिपका होईपर्यंत मामा बघत होते. डोळे पुसायला मी पर्समधून नॅपकिन काढला, तेवढ्यात रेश्मानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो परत आत ठेवला.

आता मी दर रविवारी केंद्रावर जाते, आलेल्यांना माहिती देते. रेश्मानं तिथं एक पाटी लावलीये, दांडी कशी असावी त्याची. जाड असावी, साल असावी, काथ्या असावा. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, 'टॉवेल गुंडाळू नये.'

परवा एका शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली आणि खो खो हसल्या. "काय हो, असली सूचना लिहायची वेळ का येते? गरुडाला टॉवेल कोण गुंडाळेल?"

मीही हसले. म्हटलं, "काय सांगायचं बाई, असतात एकेक महाभाग! अक्कल म्हणून नसते."

मागं बिरूमामा उभे होते, एक जखमी घुबड घेऊन आलेले. ते एकदम पुढं आले, आणि किती कौतुकानं म्हणाले म्हणता!

"अवो बाई, ह्याच की त्या! आन् लाजू नगा, ताई. फोटू दावा की त्यास्नी!"