फुंकरदादांचं टेबल

दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण धाकट्या भावाच्या नावाखाली आणि इतक्या बारीक अक्षरात, की ते कोणी वाचायच्या भानगडीत पडत नसे. सगळी गल्ली त्यांना फुंकरदादा म्हणे. कारण हा गृहस्थ दिसेल त्या वस्तूवर आधी फुंकर मारायचा. खुर्चीवर बसण्यापूर्वी फुंकर, किल्ली कुलपात घालण्यापूर्वी फुंकर. एकदा डॉक्टरांनी छाती तपासायला नळी पुढे केली, तर यांनी तिच्यावरही मारली. डॉक्टरांनी मग नळी पुसली आणि छातीऐवजी आधी डोकं तपासावं का, असा चेहरा केला.

दोघा भावांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दर्शनी भागात धाकट्याचं काचेचं कपाट, आत निळे-जांभळे दिवे आणि ऐटीत उभी नवी कोरी ग्राफिक्स कार्डं. मागच्या कोपऱ्यात दादांचं टेबल. त्याच्यावर चटक्यांचे काळे डाग, एक भिंग, मऊ ब्रश आणि पोट उघडून पडलेली जुनी कार्डं. पडद्यावरचं चित्र काढतं ते हे कार्ड. एका सेकंदात ते जितकी जास्त चित्रं काढेल, तितका खेळ लोण्यासारखा सरकतो. कमी पडली, की खेळातली मोटार उचक्या लागल्यासारखी धावते. अशा उचक्यांना वैतागूनच गिऱ्हाइकं नवं कार्ड घ्यायला येत.

आणि तिथेच दादा आडवे येत.

"आधी तुलना," म्हणत ते गिऱ्हाइकाच्या हातातलं जुनं कार्ड काढून घेत. जुनं आणि नवं, एकच खेळ, शेजारी-शेजारी. पण त्याआधी जुन्याचे पंखे उघडून धूळ झाडत, चिपला थंड ठेवणारी, पण वाळून कडक झालेली पेस्ट खरवडून ताजी लावत. एकदा एका कार्डातून मांजराचे इतके केस निघाले, की दादा मालकिणीला म्हणाले, "मांजर अजून घरी आहे ना? नाहीतर इथे जवळजवळ पूर्ण जमलंय."

"दादा, ही कसली तुलना?" धाकटा दात-ओठ खाऊन विचारी. "जसं आलं तसं लाव ना!"

"नवं कारखान्यातून अंघोळ करून आलंय. मग जुन्याने काय पारोसं उभं राहायचं?"

अंघोळ झालेलं जुनं कार्ड पुन्हा तरुण झाल्यासारखं धावे, गिऱ्हाईक खूश होऊन तेच घेऊन घरी जाई आणि धाकटा काचेच्या कपाटाकडे बघत बसे. "तू दुकानात बसून दुकानाच्या मुळावर उठलायस," तो म्हणे. त्याला दादांच्या टेबलाच्या जागी दुसरं काचेचं कपाट हवं होतं. दादांनी घरी आराम करावा, असंही तो प्रेमाने सुचवी. याच टेबलापाशी, दादांच्या शेजारी स्टुलावर बसून तो कधीकाळी स्क्रू फिरवायला शिकला होता. ते स्टूल त्याने केव्हाच माळ्यावर टाकलं होतं.

एका दुपारी नवीन खोकी आली. वर सोनेरी अक्षरात छापलेलं: चौपट वेगवान.

"कशाच्या चौपट?" दादांनी खोक्यावर फुंकर मारत विचारलं. "धुळीच्या?"

दुकानात बसलेले चार लोक हसले. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग होऊन जाऊ दे! तुझं धुतलेलं म्हातारं आणि माझं नवं. सगळ्यांसमोर."

"होऊ दे. तुझं दुपटीच्या वर गेलं, तर टेबल उचल. नाही गेलं, तर पुन्हा टेबलाचं नाव काढायचं नाही."

गेल्या वर्षी आलेलं नवं कार्ड दादांनी असंच जुन्याशेजारी लावून तपासलं होतं. ते दुपटीच्या जवळही पोचलं नव्हतं. त्याच भरवशावर ते बोलून गेले. शेजारचा चष्मेवाला पंच झाला. रोज फुकटचा चहा प्यायला येणाऱ्या माणसाला एवढं काम द्यायलाच हवं होतं.

दोन सारखे कॉम्प्युटर मांडले. डावीकडचा दादांनी जोडला, उजवीकडचा धाकट्याने, घाईघाईत आणि लोकांकडे बघून हसत. मोटारींची तीच शर्यत, तोच रस्ता. डाव्या पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला साठ चित्रांचा आकडा स्थिरावला. उजवीकडे पंधरा. नवीन कार्डाची मोटार चार पावलं जाई, थबके, विचार करी, पुन्हा जाई.

"अहो धाकटे," चष्मेवाला म्हणाला, "उतरून धक्का मारायचा का आम्ही?"

दुकानात हशा पिकला. एक जण दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माझंही कार्ड आणतो हं उद्या." धाकट्याला घाम फुटला. दादांना कित्येक वर्षांनी आपण या दुकानाचे थोरले असल्यासारखं वाटलं. त्या आनंदात ते उजव्या कॉम्प्युटरच्या मागे वाकले, सवयीने फुंकर मारायला.

ती तोंडातच राहिली.

पडद्याची केबल कार्डाला लावलेलीच नव्हती. त्याच आकाराचं दुसरं भोक वर, कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर असतं. धाकट्याने तिथे खुपसली होती. चित्र दिसत होतं, पण काढत होता तो दुबळा कॉम्प्युटर स्वतः, आणि नवं कार्ड शेजारी हात बांधून बसलं होतं.

दादा वाकलेलेच राहिले. हे फक्त त्यांनाच दिसत होतं. नुसतं सरळ व्हायचं होतं, आणि टेबल आयुष्यभर त्यांचं.

"काय झालं दादा, कंबर धरली का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"केबल चुकीच्या जागी आहे," दादा म्हणाले आणि स्वतःच्या हाताने बदलली.

शर्यत पुन्हा लागली. उजवीकडे एकशे पन्नास. मोटार अशी गेली, की चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून बघितलं. आकडा तोच होता.

"मी म्हणत नव्हतो?" धाकटा ओरडला. केबलबद्दल तो काहीच बोलला नाही. उद्या कार्ड आणणारा आता काचेच्या कपाटाशी उभा राहून रंग विचारत होता.

संध्याकाळी दोन हमालांनी टेबल उचललं. दारातून जाईना, म्हणून पाय कापले. "शब्द म्हणजे शब्द, दादा," धाकटा म्हणाला. "तूच शिकवलंस ना!"

दादा ब्रश खिशात घालून घरी आले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग चहाचा कप ठेवत म्हणाली, "अहो, पण तुम्हाला गप्प बसायला काय झालं होतं?"

"तो आकडा खोटा होता गं."

"आणि टेबल? ते तर खरं होतं ना?"

दादांनी कप उचलला आणि फुंकर न मारताच मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"भाजली ना जीभ?" बायको म्हणाली. "दुपारी भाजली असती, तर कामाला आली असती."