धापा टाकत सांगणारा

कामाला बसण्याआधी मावशी मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवायची. रोज, तीस वर्षं. "वेळ दिसली की डोळे पळायला लागतात," म्हणायची. मग समोर बसलेली भाची हस्तलिखित मोठ्यानं वाचायची आणि मावशी प्रूफावर पट्टी सरकवत एकेक ओळ तपासायची.

त्या वर्षी छापखान्यात ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या शुभवर्तमानाचं नवं भाषांतर आलं होतं. मूळ ग्रीक येणारी तिथे ती एकटीच. ग्रीकमध्ये 'आणि'ला 'काय' म्हणतात हे कळल्यापासून बांधणीतल्या बाया तिला 'काय मावशी' अशीच हाक मारत. ती रागवायची नाही. "काय गं भवान्यांनो," म्हणून ओ द्यायची.

एके दुपारी छापखान्याच्या साहेबांनी प्रूफं तिच्यापुढे टाकली. पानोपानी 'आणि' लाल शाईनं उडवलेले.

"ओळीओळीला आणि, आणि! शाळकरी पोराचा निबंध वाटतो. पाचपर्यंत छपाईसाठी सही करा."

"काहींचं मीच 'पण' केलंय, काहींचं 'सुद्धा'. ग्रीकमधल्या त्या एका शब्दात एवढं सगळं मावतं. पण हे उरलेत ते राहू देत."

"का म्हणून?"

"हे लिहिणारा माणूस धावत आलाय, साहेब. बातमी पोटात मावत नाही म्हणून धापा टाकत सांगतोय. होडी निघाली, आणि वादळ उठलं, आणि पाणी आत आलं, आणि प्रभू आपला झोपलेला! तुम्ही त्याला खुर्चीत बसवून पाणी पाजलंत."

"सही नसेल तर उद्यापासून येऊ नका. भाची करेल."

मावशीनं खणातून घड्याळ काढलं, मनगटावर बांधलं आणि भर दुपारी चालती झाली.

पेन भाचीच्या हातात आलं. घरात आता तिचाच काय तो पगार. तिनं पान उचललं आणि लाल रेघांना न जुमानता मोठ्यानं वाचायला लागली. पलीकडे बायांचे हात थांबले. पान संपलं तशी एक जण ओरडली, "अगं, पुढे?"

भाचीनं पेनाला टोपण लावून ते साहेबांपुढे ठेवलं. "मलाही घरी जायचंय."

यंत्र खोळंबलेलं, सही करणारं तिसरं कुणी नाही. साहेबांनी दात-ओठ खात पहिल्या पानावर लिहिलं, 'जसंच्या तसं ठेवा.'

दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर मावशी आली, घड्याळ खणात ठेवलं, सही केली.

पुढे कितीतरी वर्षांनी, आयुष्याच्या शेवटच्या सकाळी, उशाशी ठेवलेलं तेच घड्याळ कानाला लावून ती भाचीला म्हणाली, "चावी दे गं याला. मागे पडतंय."